खालचा खण

"कोरियन पुस्तकं आपल्याकडे नाहीत, ताई. एक चिनी कपाट आहे, तेवढंच," विद्यापीठाचे ग्रंथपाल ढमाले म्हणाले.

स्वरूपाचा चेहरा उतरला. कोरियन लोककथांवर प्रबंध लिहायचा तर मूळ पुस्तकं हवीत, नाहीतर विषय बदल, असं मार्गदर्शक बाईंनी सकाळीच बजावलं होतं. तरी तिने विचारलं, "कपाट उघडून दाखवता का?"

वरच्या खणातली पुस्तकं चिनीच होती. खालच्या खणात मात्र तिला ओळखीची कोरियन अक्षरं दिसली. तिने एक जाड पुस्तक काढून वाचायला सुरुवात केली आणि तिथेच फरशीवर बसकण मारली.

"सर, अख्खा खण कोरियन लोककथांचा आहे!"

ढमाले हसले. "आम्हाला सगळं चिनीच वाटलं."

पुस्तक मांडीवर तसंच ठेवून स्वरूपाने फोन लावला. "बाई, मी कामाला लागले."