आक्कांची तीट

मुरुमांचे वण घालवणारा लेझरचा आरसा आता लग्नघरी मांडवासारखा भाड्याने येई. मंजुळाआक्कांनी नातीला, केतकीला, त्याच्यापुढे बसवलं आणि दृष्ट नको म्हणून गालावर काजळाची तीट लावली.

वण भराभर गेले, पण आरसा थांबेना. "एक डाग बाकी," म्हणत तो तिटेवरच किरण रोखून राहिला. हलू नये म्हणून खुर्चीच्या पट्ट्यांत जखडलेली केतकी कळवळली, "आक्का, भाजतंय गं."

"मेल्या, डाग नव्हे, तीट आहे ती." आक्कांनी पुसायला हात घातला, तर बोटच पोळलं.

"एक डाग बाकी."

आक्कांनी उरलंसुरलं काजळ आरशाच्या काचेच्या डोळ्यालाच फासलं. तेव्हा कुठे तो विझला.

मग पदराने त्यांनी नातीची तीट पुसून पाहिली. ती निघेना.