कापसातले लाडू

पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या महारुद्रनं बोरीत एकट्या राहणाऱ्या आईला फोनवर आपलं काम समजावलं. "माय, डबाभर लाडवांवर पाणी ओतलं तर ते मधल्या फटींतून कसं वाहतं, ते मी कॉम्प्युटरवर बघायलोय. त्यासाठी फटींत बारीक जाळी बसवावी लागती. पण लाडू जिथं एकमेकांला टेकतेत, तिथंच जाळी बिघडायलीय. ती जमल्याबिगर गावाकडं येणं व्हायचं न्हाई."

दिवाळी तशीच गेली. संक्रांतीला आईचं पार्सल आलं. डब्यातला प्रत्येक तिळाचा लाडू घरच्या कापसात वेगळा गुंडाळलेला होता. त्यानं फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"एकबी लाडू दुसऱ्याला टेकू दिला न्हाई, लेकरा. आता तरी ये."