रस्ता क्रमांक आठ

"सेल बदलून आणला," धम्मदीप दारातूनच म्हणाला आणि गेमची कॅसेट बहिणीपुढे टेबलावर ठेवली. "नत्थू घड्याळवाल्याकडून. आता बिनधास्त लाव."

प्रेरणाच्या हातात अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी होती. हात तसाच थांबला.

"बदलून?"

"चोवीस वर्षं जुना होता न. तूच तं फोनवर म्हटलं, कधीही मरन म्हणून."

"मरायच्या आधी घेऊन ये म्हटलं होतं, दादा. हात लावू नको, हेही म्हटलं होतं."

आई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली. "म्हंजे? काय झालं?"

प्रेरणाने सावंगीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना सांगते त्याच आवाजात सांगितलं. मोटरसायकल शर्यतीचा मूळ खेळ कॅसेटमध्ये कायमचा असतो. पण मुलांनी स्वतः बनवलेले रस्ते आणि त्यांवरच्या सर्वांत कमी वेळांच्या नोंदी एका वेगळ्या चिपमध्ये राहतात, आणि ती चिप या बटणाएवढ्या सेलवर जगते. सेल निघाला, की पुसलं जातं. मिनिटभरही पुरतं.

"म्हंजे तुयं भांडणबी गेलं," आई म्हणाली.

भांडण आठव्या रस्त्याचं होतं. नालवाडीच्या घरी, अकरा वर्षांची असताना, प्रेरणाने तो बनवला होता. ओळीने तीन खड्डे आणि लगेच भिंत. धम्मदीप म्हणायचा, हा पार होऊच शकत नाही. होस्टेलला जायच्या दिवशी पहाटे तो झोपलेला असताना तिने पार केला, नाव टाकलं, आणि बस पकडली. सुट्टीत परत आली तेव्हा कॅसेट लावायचं गेमचं यंत्रच बिघडलेलं होतं. दाखवायला काहीच उरलं नव्हतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, पाहुण्यांसमोर, तिच्या लग्नातसुद्धा, धम्मदीपचं एकच पालुपद: "आमच्या डॉक्टरीणबाईचा रस्ता पारच होत नाई, अन् म्हणते मी केला."

तिने कॅसेट उचलली. झाकण नीट बसलेलं नव्हतं, मधून फुगलं होतं. तिने स्क्रू फिरवला आणि झाकण काढलं.

तिने आतली सर्किटची पट्टी उजेडात धरून वाकून पाहिली.

"त्यानं जुना काढलाच नाही," ती म्हणाली.

"हो न. निघूनच नाई राह्यला म्हणे. पत्तीले चिकटवून हाय, ओढला तं पत्तीच तुटन. म्हणून त्याच्याच वर नवीन बसवून देल्ला, दोन तारा लावून. काऊन, चुकलं का?"

"एकदम चूक!" प्रेरणा खुर्चीवरून उठलीच. "जुन्या सेलला नवीन कधीच जोडू नये. फुगतो, गळतो. असं कधीच करू नये, दादा!" आणि ती हसायला लागली. "चिपचा पुरवठा तुटलाच नाही. एक क्षणसुद्धा नाही!"

"मंग हसून काऊन राह्यली?"

"सरक, उजेड अडवू नको."

तिने पितळी टोकं पुसली, पट्टी कॅसेट वाचायच्या रीडरमध्ये बसवली, वायर लॅपटॉपला लावली. चिप वाचून लॅपटॉपवर नक्कल घेतली. पुन्हा वाचली. दोन्ही नकला ताडून पाहिल्या.

"चौदा ठिकाणी फरक."

"आता?"

"आता टोकं परत पुसायची."

तिसरी नक्कल. चौथी. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. धम्मदीप स्क्रीनवर इतका वाकला, की त्याचं डोकं प्रेरणाच्या डोक्याला लागलं.

"शून्य," ती म्हणाली. "एकाही ठिकाणी फरक नाही."

तिने नकलेला तारीख दिली, एक पेन ड्राइव्हवर टाकली, एक मेलवर पाठवली. मगच तिने लॅपटॉपवर खेळ सुरू केला. करडा पडदा, टिणटिण आवाज. खाली आठ चौकोन, आठही भरलेले. तिने आठवा उघडला. तीन खड्डे, भिंत. वर इंग्रजी अक्षरांत नाव: नालवाडी.

"आहे!" ती ओरडली. "आई, आहे!" तिने वेळांचा तक्ता उघडला आणि काचेवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "पी आर ई. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. पाहा. प्रेरणा! मी केलता!"

मग बोट वर सरकलं. तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं.

"डी एच ए," तिने हळू वाचलं. "एक मिनिट बावन्न."

धम्मदीप आईशेजारी जाऊन बसला आणि शेंगा सोलू लागला.

"मी गेल्यावर केला तू," प्रेरणा म्हणाली. "म्हणजे तक्त्यात माझं नाव दिसलं होतं तुला."

"दिसलं असन."

"चोवीस वर्षं खोटं बोलला रे?" आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"तू होस्टेलले गेली, तं घरात भांडायले कोणीच नाई राह्यलं," तो दाण्यांकडे पाहत म्हणाला. "मी केला म्हटलं असतं, तं भांडणच संपलं असतं." मग तोंड वर करून, कानापर्यंत हसत: "पण सहा सेकंद, मॅडम! सहा सेकंदानं!"

प्रेरणाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा वर सरकवला, बाह्या मागे घेतल्या.

"पोट्टेहो, जेवायचं काय मंग?" आई म्हणाली.

धम्मदीप शेंगा टाकून धावत येऊन बहिणीच्या खुर्चीमागे उभा राहिला होता, आणि मोटरसायकल पहिल्या खड्ड्यावर हवेत होती.