घरच्यासारखी

"आयोगापुढे आईचं नाव घेऊ नकोस, एवढंच मागणं आहे," लेक म्हणाली आणि तिनं चहाचा कप पुढे सरकवला. ठेवणीतला कप होता. काम काढून घ्यायचं असलं की असे कप फडताळातून बाहेर येतात.

समोरच्या बाईला या घरात कपातून चहा पहिल्यांदाच मिळत होता. तिला नाव होतं, पण इथं ते कुणी वापरलं नाही. कोंबड्यांची खुराडी साफ करायची म्हणून ती खुराड्यावाली. लेकीला कळायला लागलं तेव्हापासून ती घरात होतीच, मागच्या दारी नळ असावा तशी.

त्या काळी गरिबाघरची मुलं सरकारी खात्याची माणसं उचलून न्यायची आणि 'चांगल्या' घरांत सांभाळायला द्यायची. कोण कुणाला सांभाळत होतं, ते त्या मुलांनाच माहीत. आता इतक्या वर्षांनी सरकारला जाग आली होती. चौकशी आयोग बसला होता आणि उद्या खुराड्यावालीची साक्ष होती. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. तिची अब्रू चव्हाट्यावर येणार, म्हणून लेकीनं आज हिला बोलावून घेतलं होतं.

"आईनं तुला घरच्यासारखं वागवलं," ती म्हणाली.

"हो. सारखंच," खुराड्यावाली म्हणाली आणि तिनं फुंकर घालून चहाचा घोट घेतला.

तिची बोटं अजून खरखरीत होती. थंडीत गार पाण्यानं अंडी धुऊन बोटं फुटायची, त्यांतून रक्त यायचं. रात्री ती कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर निजायची. लेकीनं हे सगळं पाहिलं होतं आणि पाहून पाहून तिला त्याची सवय झाली होती. एकदा, अगदी लहानपणी, ती हिला 'ताई' म्हणाली होती. आई लेकीला काहीच बोलली नाही. खुराड्यावालीला मात्र दोन दिवस शेडमधून बाहेर येऊ दिलं नाही. ते आठवून लेकीला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

"एवढा जाच होता तर पळून का नाही गेलीस? एकदा गेली होतीस ना? संध्याकाळी आपल्या पायांनी परत आलीस. आईनं मारलं तरी तोंडातून ब्र काढला नाहीस."

"यावं लागलं."

"कुणी बांधून आणलं होतं?"

खुराड्यावालीनं चहावरची साय बोटानं बाजूला केली. लेकीनं दुसरा रस्ता धरला.

"मागची जागा घे. शेडसकट तुझ्या नावावर करून देते."

"म्हणजे कोंबड्या पुन्हा माझ्याच गळ्यात?" खुराड्यावाली हसली. लेकीलाही हसू येऊ लागलं होतं, पण तिनं ते दाबलं. ही बाई तिला लहानपणीही अशीच हसवायची, वेणी घालताना.

"मग आई होती तेव्हाच बोलायचं होतंस. गेलेल्या माणसाला आता उत्तर देता येतंय थोडंच!"

"तिला शब्द दिला होता मी. ती असेपर्यंत तोंड उघडणार नाही म्हणून. मी माझा शब्द पाळला. खोटं कशाला बोलू, तिनंही तिचा पाळला."

"आईनं तुला कसला शब्द दिला होता?"

"तुला खुराड्यात पाऊल टाकू द्यायचं नाही. शाळेत घालायचं, शिकवायचं."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, असं तिला वाटून गेलं.

"घरच्या पोरीला कुणी खुराड्यात पाठवतं का? त्याच्यासाठी तुला शब्द कशाला द्यायला हवा?"

खुराड्यावालीनं कप खाली ठेवला.

"उद्या तूही चल माझ्याबरोबर."

"मी? माझ्याच आईविरुद्ध साक्ष द्यायला?"

"खात्याची माणसं दारात आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते," खुराड्यावाली म्हणाली. "तू माझ्या कडेवर होतीस."