डावी पापणी

"हा. हा डोळा." भिंगकाकूंनी काठीचं टोक थेट पडद्यावर टेकवलं. "डावा. आज हा मिटल्याशिवाय मी इथून उठत नाही."

संगणकापुढे बसलेल्या तंत्रज्ञ मुलीने काठी हळूच बाजूला केली. पडदा महागाचा होता. गेले चार महिने ती एकटी या जुन्या कार्टून सिनेमावरचे ओरखडे आणि धुळीचे ठिपके पुसत बसली होती. उद्या सिनेमा नव्याने थिएटरांत जायचा होता. एकेचाळीस वर्षांत तो कुणी किती वेळा पाहिला याला गणती नाही. पाहणाऱ्यांना मुलं झाली, त्या मुलांनाही मुलं झाली, आणि त्यातलं गाढवाचं शिंगरू होतं तेवढंच राहिलं.

शिंगरू आईला सोडून निघतं, वळणावर थांबून मागे बघतं आणि डोळे मिटून रडू गिळतं, असं दिग्दर्शकाने ठरवलं होतं. उघड्या डोळ्यांचा चेहरा खाली आणि वर पापण्या रंगवलेली पारदर्शक शीट, असे नऊ जोड. पापण्या रंगवणं भिंगकाकूंचं काम. तेव्हा त्या कुणाच्या काकू नव्हत्या, पण भिंग तेव्हाही गळ्यात असायचं. त्यांनी नऊच्या नऊ उजव्या पापण्या रंगवल्या, डाव्या रंगवताना ओला रंग हाताने पसरू नये म्हणून शीट सुकायला ठेवल्या आणि जेवायला गेल्या. परत येतात तो कॅमेरावाला गठ्ठा घेऊन पसार. चूक कळली तेव्हा पुन्हा चित्रण करायला वेळ उरला नव्हता. तेव्हापासून शिंगरू एकच डोळा मिटतं. पाऊण सेकंद.

"अख्ख्या जन्मात एक चूक केली," काकू म्हणाल्या, "तर तीच मेली अजरामर झाली. गाढवाच्या सिनेमात गाढवपणा!"

मुलगी हसली. काकू हसल्या नाहीत.

"पण काकू, लोकांना आवडतं ते. त्या जागी सगळं थिएटर एक डोळा मिटतं. तुम्ही कधी बघितलं नाही?"

"मी तेव्हा खाली वाकून चप्पल शोधत असते."

 मुलीने ते दृश्य पुन्हा सुरुवातीला नेलं.

"कर गं बाई," काकू म्हणाल्या. "माझे दोन्ही मिटायच्या आत त्याचे दोन्ही मिटू दे."

मुलीने उजव्या पापणीचा तपकिरी रंग उचलला आणि डाव्या डोळ्यावर बसवला. काकू भिंग लावून एकेक चित्र तपासत होत्या. "कडेला सांडलाय," म्हणत त्यांनी तीन चित्रं पुन्हा करायला लावली. एकेचाळीस वर्षांचं दुखणं अर्ध्या तासात बरं झालं.

"चालव आता."

शिंगरू निघालं. वळणावर थांबलं. मागे पाहून त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटले. नाव ठेवायला जागा नव्हती. काकूंचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी शेजारी वळून पाहिलं. मुलीचा हात माउसवर तसाच होता. बदल कायम करायचं बटण तिने दाबलं नव्हतं.

"काय झालं?"

"रडतंय ते."

"मग? रडायचंच होतं त्याला."

"मी आठ वर्षांची होते," मुलगी म्हणाली. "बाबा मला वसतिगृहात सोडायला आले होते. आदल्याच आठवड्यात आम्ही हा सिनेमा पाहिला होता. फाटकापाशी ते वळले आणि त्यांनी एक डोळा मिटला. म्हणजे, मी येणारे परत. बाकीच्या सगळ्या मुली रडत होत्या, काकू. मी नाही रडले."

काकूंनी डोळ्यावरचं भिंग खाली घेतलं.

"कोणता डोळा?"

"उजवा."

"बरोबर," काकू म्हणाल्या. "डावा माझ्याकडून राहिला होता."

मग त्यांनी जुनं लावायला सांगितलं. या वेळी त्या वाकल्या नाहीत. शिंगरू वळलं, आईकडे बघून त्याने एक डोळा मिटला आणि ते चालायला लागलं. कुठे रडतंय? ते तर आईलाच धीर देत होतं. काकूंनी ते तीनदा लावून घेतलं.

टेबलावर दुरुस्त्यांची यादी पडली होती. सगळ्यात शेवटी, सकाळी त्यांनीच हट्टाने लिहायला लावलेली ओळ होती. डावी पापणी. मुलीच्या हातातलं पेन घेऊन काकूंनी ती खोडली. मग वरून आणखी एक रेघ ओढली.

"आज केलेलं सगळं पुसून टाक. आणि ऐक. उद्या मालक येऊ दे, नाहीतर मालकाचे तीर्थरूप येऊ देत. कुणी म्हणालं की इथे चुकलंय, तर सांग, चूक करणारी बाई अजून खमकी आहे. हात लावायचा नाही."

"नाही लावू देणार," मुलगी म्हणाली आणि तिने नवी पापणी पुसली.

काकूंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि काठी उचलली. दारापाशी पोचल्यावर त्या थांबल्या. मागे वळल्या. मुलीकडे बघून त्यांनी उजवा डोळा मिटून पाहिला. जन्मात कधी केला नव्हता हा प्रकार. जमला नाही, म्हणून दात-ओठ खाऊन पुन्हा केला.

दोन्ही मिटले.