सात नंबरचा बदली

सुरतेतल्या कतारगामच्या कापड कारखान्यातल्या चाळीस लूमसाठी योगराजने कॉम्प्युटरवर तीच स्क्रिप्ट चाळीसदा लिहिली होती. त्याच्या जोडीला काम करणाऱ्या हर्षदाने त्या सगळ्या पुसल्या. कामगारांची यादी वाचून प्रत्येक लूमची स्क्रिप्ट स्वतःच लिहील, अशी एकच स्क्रिप्ट तिने बसवली.

नावं चाळीस दिली. तयार झाल्या एक्केचाळीस.

लूम ७: कुंदन
लूम ७: भाईदास

कुंदन तिचा धाकटा भाऊ. भाईदास नावाचं यादीत कुणी नव्हतंच.

"योगराजभाई, खोडी तुमचीच ना?"

"आईशपथ, हातसुद्धा लावला नाही!"

तिने पुन्हा चालवून पाहिलं. या वेळी कुंदनची ओळच नव्हती.

लूम ७: भाईदास

तेवढ्यात दारात डबा घेतलेला माणूस उभा राहिला. "मी भाईदास. सात नंबरवर बदली कामगार."

काचेपलीकडे कुंदन तुटलेला धागा जोडत होता.

"अहो, कुंदन कामावर आहे!"

"माले माहीत शे, ताई," म्हणत तो बाकावर टेकला. "थांबस मी."