चावीमावशीची खिडकी

कुलूप काही उघडेना. चावीमावशीने चावी काढली, पदराला पुसली, पुन्हा घातली. खालच्या वळणावर ढोल वाजत होता, घंटा जवळ येत होती. "मेल्या, वर्षातून एकदा उघडायचं, त्यातही नखरे!" असं म्हणून तिने दाराला खांदा दिला. दार उघडलं. धापा टाकत तिने वरची खिडकी उघडली, तेव्हा मिरवणूक खाली येऊन ताटकळत उभी होती.

"लवकर हो मावशी, खांदे दुखतायत!" खालून कुणीतरी ओरडलं.

गावच्या संताचा उत्सव होता. बर्फ वितळलं, की संताची लाकडी मूर्ती खांद्यावरून गावभर न्यायची आणि प्रत्येक घरासमोर थांबवायची. घरातल्याने खिडकीत उभं राहून मनातलं एक मागणं मागायचं. खिडकी बंद असली, तर ती उघडेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही. पूर्वी हे सोपं होतं. आता अर्धं गाव डोंगर उतरून शहरात राहायला गेलं होतं. घरांना कुलपं होती आणि चाव्या मावशीकडे. ती शिवणकाम करायची. "तू काय, घरीच असतेस," असं म्हणून एकेकाने आपली चावी तिच्या गळ्यात मारली होती.

चाव्यांबरोबर मागणीही आली. लोक फोनवरून सांगत. "मावशी, आमच्याकडून तेवढं फ्लॅटचं बघ हं. लिफ्ट असलेला." जाऊबाईंचं वेगळंच. "सुनेची जीभ आवरू दे म्हणावं. आणि नीट सांग, मागच्या वर्षी काही गुण आला नाही." मावशी बिचारी प्रत्येक खिडकीतून ज्याचं त्याचं मागणं इमानाने सांगायची आणि मागच्या बोळाने पुढच्या घराकडे पळायची.

तिचं स्वतःचं घर चढाच्या मधोमध होतं. दरवर्षी सकाळीच ती आपली खिडकी सताड उघडून निघायची. संत तिच्या घरासमोर यायचा, उघड्या खिडकीत कुणीच नसायचं, एकदा घंटा वाजायची आणि मिरवणूक पुढे जायची. त्या वेळी मावशी शेजारच्या कुलपाशी झटत असायची. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. तसं काही अडलंही नव्हतं.

या वर्षी अडलं होतं. उद्या सकाळी शहरातल्या इस्पितळात तिच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. मुलगी वाचेल असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. मावशी आज दुपारच्या बसने जाणार होती. मिरवणूक पोस्टमास्तर चालवायचे. उत्सवाच्या आदल्या दिवशी ती त्यांच्याकडे गेली होती.

"उद्या माझ्या खिडकीत मला उभं राहायचंय. पुढची कुलपं दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"अहो मावशी, ती कुलपं तुमच्याशिवाय कुणाचं ऐकतात का? आणि मागणंच ना, चालता चालता मागा की. संताला सगळं ऐकू येतं."

चालता चालता! रात्रभर तिच्या डोक्यात तेच घुमत राहिलं. जाऊबाईंच्या सुनेच्या जिभेसाठी खिडकीत हात जोडून उभं राहायचं आणि पोटच्या पोरीसाठी चालता चालता. तिला इतका संताप आला, की रडूही येईना.

आता ती जाऊबाईंच्याच खिडकीत उभी होती. समोर, हाताच्या अंतरावर, संताचा रंग उडालेला चेहरा. मुलीचं नाव तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ही खिडकी दुसऱ्याची होती. "सुनेची जीभ आवरू दे," ती एका दमात म्हणाली आणि वळली.

या वेळी ती मागच्या बोळाने धावली नाही. कुलूप लावून समोरच्या दाराने रस्त्यावर आली आणि मिरवणुकीच्या मागून सावकाश चढ चढू लागली. थोडं पुढे जाऊन ढोल थांबला. घंटा मात्र वाजतच राहिली.

"कुणाची खिडकी बंद आहे?" कुणीतरी विचारलं.

"माझी," मावशी म्हणाली.

पोस्टमास्तरांनी कपाळावर हात मारला. "जगाच्या खिडक्या उघडता आणि स्वतःची विसरलात?"

"विसरले खरी. वय झालं."

तिने दार उघडलं. एकेक पायरी टेकत ती जिना चढली. खिडकीची कडी काढली, दोन्ही दारं बाहेर ढकलली. संत समोर उभा होता.

"मावशी, पटकन आटपा!" पोस्टमास्तर ओरडले. "पुढची कुलपं कोण उघडणार?"

मावशीने कमरेचा जुडगा सोडला आणि खिडकीतून खाली टाकला. तो त्यांच्या पायाशी खणकन पडला.

"ज्याला घाई आहे त्याने."

मग ती खिडकीपाशी खुर्चीत बसली. खिडकी लावून घेण्यापूर्वी सकाळीच तिने ती खुर्ची तिथे आणून ठेवली होती.